लॉबीतले बुद्ध

आमच्या कुंदाला उत्साह आला की मी लपायला जागा शोधतो. यंदा दिवाळीत तिनं शिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या लॉबीत, लिफ्टच्या दारापासून भिंतीपर्यंत, भली मोठी रांगोळी घातली. गौतम बुद्धांचा चेहरा! का, तर वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई बौद्ध, त्यांच्याकडे दिवाळी नसते. "त्यांनाही आपलं वाटू दे ना," ही म्हणाली. रंग आणायला मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात पिटाळलं ते वेगळंच.

सकाळी लिफ्ट उघडली आणि सुंदराबाई आतच थबकल्या. बाहेर पडायचं तर बुद्धांवर पाय पडणार.

त्यांचा मुलगा मिलिंद मागून कडाडला, "काकू, ज्यांच्यापुढे आम्ही वाकतो त्यांना तुम्ही पायाखाली घातलंत?"

कुंदाचा चेहरा पांढराफटक पडला. सुंदराबाई म्हणजे तिची रोजची संध्याकाळ. "दिवाळी करत नाही, पण तुझी चकली सोडणार नाही," असं म्हणणारी मैत्रीण तिला बिल्डिंगमध्ये दुसरी नाही. ती आता कायमची गेली, या भीतीनं कुंदा चक्क रडायला लागली.

मी शहाणपणा करून केरसुणी आणली.

"आता झाडू मारणार?" मिलिंद माझ्यावर घसरला. मी केरसुणी पाठीमागे लपवली. पाय ठेवायचा नाही, झाडायचं नाही, पाणी ओतावं तर चेहरा गटारात. जिन्यावरही माणसं खोळंबली. सगळ्या बिल्डिंगची पंचाईत.

"मिलिंद, गप रे," म्हणत सुंदराबाईंनी लिफ्टच्या दारातच बैठक मारली. "कुंदा, परात आण. हातानं उचलू."

"मावशी, माझं चुकलं हो..."

"रड नंतर. आधी परात."

दोघी समोरासमोर बसून ओंजळीनं रंग भरू लागल्या. थोड्या वेळानं एकमेकींच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची टिंगलही सुरू झाली. मला इतकं बरं वाटलं की मीही मांडी घातली.

शेवटी फक्त डोळे उरले. तिथं सुंदराबाईंचा हात थांबला.

"डोळे काय झक्क जमलेत गं! आमच्या फोटोतसुद्धा इतके शांत नाहीत." त्यांनी नाक ओढलं. "हॉलची भिंत मोकळीच आहे माझी. तिथं रंगवून दे. पण वर हां, सगळ्यांच्या डोक्याच्या वर."

कुंदा हसत हसत पुन्हा रडली. मिलिंदनं पुढे होऊन तिला हात दिला, उठवलं.

"काकू," तो म्हणाला, "शिडी मी धरतो."