मुंग्यांना साखर नको होती

बाळंतिणींच्या वॉर्डात मुंग्या झाल्या आणि खापर फुटलं सफाईवाल्या मावशीच्या डोक्यावर. फुटणारच. वरच्यांची चूक नेहमी खालच्यांच्या फडक्यातून सांडते.

"सोमवारी एक जरी मुंगी दिसली, तर मंगळवारपासून येऊ नका," मुकादम म्हणाला आणि नोंदवहीत मावशीच्या नावापुढे लिहिलं, 'कामचुकार'.

मावशीने पाळण्यांखाली, कपाटामागे, पलंगांच्या पायांशी पुन्हा पुसलं. रांग हटेना. शेवटी ती तिथेच उकिडवी बसली आणि बघत राहिली. बघण्याचा पगार कुणी देत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

मुंग्या मारायला येणाऱ्या औषधवाल्याने भिंतीकडेला गोड विषारी लगदा ठेवला होता. मुंग्या त्याला वळसा घालून जात होत्या. तोंडात मेलेल्या पतंगाचा पंख, माशीची तंगडी, कुणाच्या डब्यातून सांडलेला अंड्याचा चुरा.

तिने औषधवाल्याला आणि मुकादमाला बोलावलं. "भाऊ, तुमचं गोड यांना नकोय."

औषधवाला हसला. "मुंगी म्हणजे साखर, मावशी. शेंबडं पोरही सांगेल!"

"थंडीआधी हाच लगदा त्यांनी चाटूनपुसून नेला होता. आता उन्हं तापलीत, बिळात पिल्लं झाली असतील. नुसत्या साखरेवर पोर वाढतं का हो?"

"औषध वर्षाचं एकदम येतं," मुकादम गुरगुरला. "बारा महिने एकच."

"ते तुमच्या कपाटाला कळतं. मुंग्यांना कोण सांगणार?"

तिने पुठ्ठ्याच्या एका टोकाला लगदा ठेवला, दुसऱ्या टोकाला उकडलेल्या अंड्याचा बलक, आणि पुठ्ठा रांगेत सरकवला. दहा मिनिटांत बलक मुंग्यांनी काळा झाला. लगद्यापाशी एक मुंगी आली, मिशा लावल्या आणि निघून गेली.

औषधवाल्याने मान खाजवली. "अंड्यामांसाच्या चवीचं औषध मिळतं. मागवतो."

"आणि तो शब्द खोडा," मावशी मुकादमाला म्हणाली.

"वहीत खाडाखोड चालत नाही."

"मग खाली लिहा. औषध चुकलं, बाई नाही."

औषधवाल्याने हळूच विचारलं, "मावशी, या परत गोडावर कधी येतील?"

"रोज बघावं लागेल. मुकादमांना विचारा, मी तोवर कामावर आहे का."

दोघेही मुकादमाकडे बघत राहिले. त्याने पेनचं टोपण काढलं आणि 'कामचुकार'च्या खाली लिहायला घेतलं. मावशी त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर वाचत उभी राहिली.