चेहरा नीट कर

कुंकू तिच्या नाकापर्यंत ओघळलेलं... मोबाइलच्या पडद्यावर जेमतेम नखाएवढं. शर्वाणीने व्हिडिओ थांबवला, पुढे नेला, पुन्हा मागे आणला. तिला चक्क मजा येत होती.

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू परवा झालं. जोडप्यांच्या उखाण्यांचा व्हिडिओ करून द्यायचं काम तिच्याकडे, आणि आदर्श जोडी म्हणून शेवटचा उखाणाही तिचा नि सुश्रुतचा. घरी आठ-आठ दिवस 'चहा झाला का', 'कचऱ्याचा बिन बाहेर ठेवलास का' यापलीकडे शब्द नाही. पण कॅमेरा दिसला रे दिसला की याचा हात माझ्या खांद्यावर! काय हुकमी हात आहे, बाई.

आणि काल पाहिलेला तो सिनेमा... त्यातली बायको नवऱ्याच्या हुंदक्यातला एवढासा तुकडा कापून वृत्तवाहिनीला देते, तेवढाच ऐकला तर तो हसल्यासारखा वाटतो, आणि अख्खा देश त्याला खुनी ठरवून मोकळा होतो. बाहेर पडताना सुश्रुत म्हणाला, काहीही दाखवतात, इतकं सोपं असतं का. गाडीत ती तोच तुकडा मनात पुन्हा पुन्हा ऐकत होती.

सोपंच तर होतं! उखाण्याआधी कॅमेरा चालूच राहिला होता, आणि त्यात तो म्हणाला होता, "चेहरा नीट कर, कुंकू पसरलंय." तिने 'कुंकू' या शब्दाच्या अलीकडे कात्री लावली. आता उरले तीन शब्द आणि तिची खाली गेलेली नजर. सगळा संसार आला त्यात! पुरं वाक्य काळजीचं होतं, तरी हा तुकडाच जास्त खरा वाटत होता... मंडळाच्या ग्रुपवर टाकला तर? उर्मिलावहिनींपासून सगळ्याजणी त्याला फाडून खातील. मला लाज वाटायला हवी. पण छे, मला तर उडी मारावीशी वाटतेय.

"झाला का गं? दाखव ना." सुश्रुत मागे येऊन उभा होता.

तिने तो तुकडा लपवला नाही. त्याने दोनदा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी असं बोललो तुला? सगळ्यांसमोर?" तो खाली बसला. "सॉरी, शर्वाणी. बोलतो मी असा. घरीसुद्धा."

समोर कॅमेरा नव्हता. हेच ऐकायला किती वर्षं थांबले मी... 'कुंकू पसरलंय' हे उरलेले दोन शब्द जिभेवर आले — अरे, वाक्य पुढे होतं — आणि तिने ते गिळले. आनंदाने डोळे भरून आले, अगदी खरेखुरे. आणि ते त्याला नीट दिसावेत म्हणून तिने मान किंचित खिडकीतल्या उजेडाकडे वळवली.