पंपाचे उरलेले दिवस

उरलेले दिवस: नऊ.

आणि गुलाबाची तोडणी संपायला अकरा. इस्क्राने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. तिची कॉफी निवून गेली. गार पाण्याचा पंप बंद पडला तर भट्ट्यांतली वाफ निवणार नाही, अत्तर उतरणार नाही, वर्षभराचा सुगंध नुसता डोंगराकडे निघून जाईल.

उरलेले दिवस: सोळा.

पंपाच्या बेअरिंगवर तिनेच बसवलेली डबी थरथर मोजते आणि पडद्यावर दिवस सांगते. थरथर कमी झाली होती.

"तुझ्या डबीपेक्षा माझं तेलपाणी भारी," भट्टीवाले कोल्योकाका म्हणाले.

उरलेले दिवस: तेवीस.

काकांनी खुशीत सकाळीच राकिया, फळांची घरगुती दारू, ओतली. इस्क्राने पेला नुसता हातात धरला. झिजलेलं लोखंड कधी भरून येतं का? की हा पंप उलटाच जगायला लागलाय? उद्या नवाकोरा होईल, परवा कारखान्यात परत जाईल, तेरवा खाणीतला दगड होऊन पडेल.

(इथे आकडा नाही. इस्क्रा पडद्यासमोरून उठून पंपाकडे गेली आहे.)

पंप दिसेचना. पाकळ्यांची पोती त्याला चहूबाजूंनी रेलली होती, आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर तोडणीवाली तोन्कामावशी पाय हलवत बसली होती.

"मावशी, ही पोती इथे कधीपासून?"

"झाले चार दिवस. बाहेर फुलं तापतात गं. इथे कसा गारवा आहे."

"आणि पंप?"

"गप झालाय बिचारा. कुशीत घेतलंय ना आम्ही."

इस्क्राने पोती ओढून काढली. पंपावर हात ठेवला. कोपरापर्यंत हाडं वाजावीत तशी थरथर; इतके दिवस पोत्यांनी दाबून धरलेली.

उरलेले दिवस: शून्य.

"पोरी, तिन्ही भट्ट्या ऐन उकळीत आहेत. संध्याकाळपर्यंत तरी दम धर!"

"मधेच अडकला तर दांडा तुटेल, काका. नवा यायला आठवडा. जाळ बंद करा."

"आणि आत्ताचं अत्तर?"

"गेलं."

काकांनी एक सणसणीत शिवी दिली आणि स्वतःच्या हातांनी जाळ बंद केला. भट्ट्यांची झाकणं उघडली.

मग वास बाहेर आला. अंगणात गुडघाभर साचला. बायकांची बडबड पातळ होत गेली, कुत्री जागच्या जागी आडवी झाली, गावाकडून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं आणि ती हाक इथवर पोचता पोचता गुलाबी होत होती.

तीन तासांनी पंपात नवं बेअरिंग बसलं होतं आणि जुनं इस्क्राच्या तळहातावर होतं. गोळ्या शाबूत. त्यांना धरणाऱ्या कडीला एक चीर, केसाएवढी.

"हे तोडणीभर चाललं असतं," काका म्हणाले.

"कदाचित."

"कदाचित? तीन भट्ट्या उडवल्यास आणि वर कदाचित?"

"काढलं ना, काका. चाललं असतं की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही."

काकांनी भट्ट्या पुन्हा भरल्या, जाळ लावला. पंप सुरू झाला. दोघं नळीच्या तोंडाशी उकिडवे बसले. पहिला थेंब फुगला, लोंबला, पडेना. आणि मग पडला.