सात छटाक

कमरोद्दीन मिस्त्रीच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही अदबीपायी. लोक उद्धटपणानं बुडतात. हा बाबा नम्रपणानं बुडाला.

औरंगाबादेत गुलमंडीच्या मागं त्याचं गॅरेज होतं. तेव्हा राज्य निजामाचं. रियासतीतली सगळ्यात मोठी मोटारींची शर्यत दर साली बहमन महिन्यात, थंडीच्या दिवसांत, छावणीपासून दौलताबादेपर्यंत व्हायची. हैदराबादचे नवाब यायचे, मुंबईचे पारशी शेठ यायचे, छावणीतले गोरे कप्तान तर असायचेच. त्यांच्या विलायती गाड्या अकरा सालं कमरोद्दीननंच धडधाकट ठेवल्या. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला, की आपलंही एक इंजिन पळवायचं. तीन सालं खपून त्यानं ते स्वतःच्या हातानं ओतलं, एका जुन्या गाडीत बसवलं. फिरत्या दांड्याच्या बुशांना तांबं कमी पडलं तेव्हा बायकोनं, बिल्किसनं, लग्नातला देग आणून पुढ्यात आदळला.

"घ्या, वितळवा. पण पळालं नाही तर बघा!"

तेव्हापासून ईदेला देग शेजारून मागून आणायचा. जिंकायची हाव कमरोद्दीनला नव्हती. ते इंजिन शर्यतीत एकदा पळावं, एवढंच त्याला हवं होतं.

आता ती चूक ऐका. गेल्या साली एक भल्यामोठ्या इंजिनाची गाडी वळणावर उलटली, दोन माणसं गेली. तेव्हा मोटर क्लबाचे अध्यक्ष, जागीरदारसाहेब, खुद्द गॅरेजात आले. "मियां, इंजिन छोटा है कि बड़ा, ये नापते कैसे?"

कमरोद्दीनला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं साहेबांच्याच गाडीचा प्लग काढला, पिस्टन पार तळाला नेला आणि प्लगच्या भोकातून छटाकाच्या मापानं करडईचं तेल ओतलं. सात छटाक मावलं. हे झालं अर्धं काम. यापुढं पिस्टन पार वर आणायचा, पुन्हा तेल ओतायचं, आणि वरच्या हेडात जेवढं मावेल तेवढं सातातून वजा करायचं. कारण पिस्टन जेवढा फिरतो तेवढंच इंजिन मोठं; हेडातली रिकामी जागा त्यात धरत नाहीत. पण तो पिस्टन वर आणायला वाकला तोच साहेब उठले.

"बस मियां, समझ गए."

हुजूर बस म्हणाले की बस. पुढं बोलायचं म्हणजे तुम्हाला कळलं नाही असं तोंडावर सांगणं, आणि हे कमरोद्दीनच्या बापानं कधी केलं नव्हतं, आजानंही नाही. "जी हुजूर," म्हणत त्यानं प्लग लावून टाकला. अरे, एक वाक्य! एक वाक्य बोलला असता तर काय जीभ झडणार होती?

यंदा शर्यतीला आठ दिवस उरले आणि क्लबात नियमांची बैठक भरली. गाड्यांची मापं घ्यायचं काम कमरोद्दीनकडं द्यायचं होतं, म्हणून त्यालाही बोलावणं गेलं. तो दाराशी उभा राहिला. आत नुसती जुंपली होती. कप्तान म्हणे, गाडीचं वजन बांधून द्या. शेठ म्हणे, टायर अरुंद करा. एक नवाब म्हणे, इंजिनात हवा कोंबणारा पंखा बंद करा, विलायतेतही त्यावरून मारामारी चाललीय. तास दीड तास असा कल्ला झाल्यावर सेक्रेटरी काकासाहेब वकिलांनी कागद उचलून वाचला: "एका सिलिंडरात सात छटाकांपेक्षा जास्त तेल मावल्यास गाडी बाद."

कमरोद्दीननं मनातल्या मनात हिशेब केला. त्याच्या सिलिंडरात साडेसात मावायचं. पण त्यातलं दोन छटाक हेडातलं, म्हणजे खरं माप साडेपाच. साहेबांच्या सातातलं हेडातलं एकच, म्हणजे खरं माप सहा. त्याचं इंजिन साहेबांच्यापेक्षा लहान, आणि बाद होणार तेच!

"हुजूर," तो कसाबसा बोलला, "हेडमधलं तेल वजा करावं लागतं."

कप्तान हसला. काकासाहेबांनी चष्मा वर केला. "अरे, आत गेलेलं तेल गेलं नाही म्हणून कसं धरायचं? आणि ही रीत तूच शिकवलीस ना साहेबांना?"

सगळे जागीरदारसाहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी रीत अर्धीच ऐकली, हे आता भरल्या बैठकीत कुणी म्हणायचं?

"अगले साल देखेंगे," साहेब म्हणाले, आणि कागदावर सही झाली.

गॅरेजात पुंजाराम वाट बघत होता. एरवी तो गिरणीची लॉरी हाकायचा, शर्यतीत कमरोद्दीनची गाडी तोच चालवणार होता. "मिस्त्री, हेडात शिसं ठोकू की. जागा कमी झाली, तेल कमी."

"दाब वाढंल, पुंजा. माझं ओतकाम गावठी, म्हणून तर वर मोकळी जागा ठेवली. इंजिन फुटलं तर पयली तुझी छाती फुटंल."

"मंग माप घेताना अर्धा छटाक सांडा. माप तर तुमच्याच हातात हाय. तुमच्यावर कोन शक घेनार?"

"त्याचीच तर पंचाईत हाय, बाबा," कमरोद्दीन म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी छावणीच्या मैदानात ही गर्दी उसळली. कडेच्या टांग्यात पडद्याआड बिल्किस बसली होती. एकेक गाडीत तेल ओतत कमरोद्दीन शेवटी आपल्या गाडीशी आला. पाच झाले, सहा झाले, सात झाले. भोकात अजून तेल दिसेना. हात जरा कलवला असता तर अर्धा छटाक मातीत जिरला असता, कुणाला पत्ता लागला नसता. त्यानं मनाशी ठरवलंही. पण या हातानं उभ्या जन्मात खोटं माप दिलं नव्हतं, आणि आज तो ऐकेनाच. त्याला स्वतःच्याच हाताचा संताप आला, रडू आलं.

"साडेसात," तो म्हणाला.

काकासाहेबांनी नावापुढं काट मारली. पुंजाराम गाडी ढकलत बाजूला घेऊन गेला. जागीरदारसाहेब मात्र खूश! चार लोकांत त्यांनी कमरोद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला. "वाह मियां! अपनी खुद की गाड़ी! ईमान इसको बोलते!" टाळ्या पडल्या.

एवढे दिवस अर्धवट राहिलेलं ते वाक्य कमरोद्दीननं सगळा जीव गोळा करून वर आणलं. "हुजूर, वो हेड का तेल..."

"बस मियां, समझ गए."

तेलानं माखलेला हात सलामासाठी कपाळाला गेला.

"जी हुजूर."