झुंजारचा दसरा

सुचित्राला गेली तीन वर्षं एक सवत होती, चार पायांची. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून तिचा नवरा शैलेंद्र आठवडाभर बँकेत जायचा आणि रविवारी सकाळीच क्रांजी रेसकोर्सच्या तबेल्यात गाजरं घेऊन हजर व्हायचा. मित्रांबरोबर भागीदारीत घेतलेला हा शर्यतीचा घोडा. नाव झुंजार, पण जिंकला एकदाही नाही. शेजारचा घोडा पुढे निघाला की हा खुशाल वाट करून द्यायचा.

सरकारने रेसकोर्सची जागा घरांसाठी परत मागितली होती. शेवटची शर्यत गेल्या शनिवारी झाली. घोडे परदेशी पाठवायला मदत मिळत होती खरी, पण सदा हरणाऱ्याला तिकडे कोण विचारणार? मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या इथल्याच एका संस्थेने झुंजारला बघायचं कबूल केलं होतं. आवाजाला, गडबडीला बुजला नाही, तरच घेणार होते. शैलेंद्रचं जेवणावरचं लक्ष उडालं, आणि ते बघून सुचित्राचा रागही विरला.

परीक्षा नेमकी दसऱ्याला, दुपारी. दसऱ्याला वाहनाची पूजा हवी, आणि सिंगापुरात गाडी परवडते कोणाला? दरवर्षी सुचित्रा एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, कार्डांनाच हळदकुंकू वाहायची. यंदा घरचं खरंखुरं वाहन निरोप घेत असताना ते बिनपूजेचं कसं राहील? लेक जाईला घेऊन ती सकाळीच तबेल्यात पोचली.

शैलेंद्र तबेल्याच्या ऑफिसात कागदपत्रं बघत होता. झुंजारपाशी टोपी आणि बूट घातलेली एक बाई उभी होती. तबेल्यातलीच असणार, असं समजून सुचित्राने पूजेचं ताट तिच्या हातात दिलं.

"जरा धरा, प्लीज. थोडं वर," ती इंग्रजीत म्हणाली. बाईने मुकाट्याने धरलं.

झुंजारला कुंकू लागलं, गळ्यात झेंडूची माळ पडली. गवताजवळ ज्योत नको, एवढं सुचित्राला कळत होतं, म्हणून तिने निरांजन न पेटवताच ओवाळलं. जाई घंटा बडवत होती, सुचित्रा आपल्या भसाड्या आवाजात आरती म्हणत होती. अक्षता थेट झुंजारच्या कानात गेल्या. त्याने मान झटकली आणि माळेचं टोक चघळायला सुरुवात केली.

तेवढ्यात शैलेंद्र आला आणि जागीच थबकला. "सुचित्रा, तू मिस टॅनना ताट धरायला लावलंस? परीक्षा घ्यायला आल्यात त्या."

सुचित्राने घाईघाईने ताट परत घेतलं. बिचाऱ्या घोड्याचं होणारं काम आपणच बिघडवलं, असं तिला वाटलं. "मॅडम, चूक माझी आहे. घोड्याला नापास करू नका."

"आई, रिलॅक्स लाह," जाई सिंगापुरी ढंगात पुटपुटली.

मिस टॅननी पिशवीतून एक छत्री आणि लहानशी घंटा काढली. "मी लवकर आले. याला दचकवून बघायला हे आणलं होतं," त्या हसत म्हणाल्या. "पण तुम्ही काही बाकीच ठेवलं नाहीत. पुढच्या आठवड्यात याला घेऊन जाते."

शैलेंद्र झुंजारची मान थोपटत राहिला. सुचित्रालाही भरून आलं. आता हा कुठे दूर जाणार नव्हता, आणि याचा आपल्याला इतका आनंद व्हावा, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुमच्याकडे फक्त मुलांनाच शिकवतात का?" तिने विचारलं.

"मोठ्यांनाही शिकवतो."

"मग रविवारच्या वर्गात माझं नाव लिहा," सुचित्रा म्हणाली. "याच घोड्यावर."