खिंडीपलीकडे

मागच्या चाकाखाली दगड सारून सून धावत पुन्हा स्टिअरिंगवर येऊन बसली. गाडी घसरली, थरथरली आणि बर्फाच्या चिखलातून एकदाची वर आली. शेजारी सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. खिंडीतल्या विरळ हवेने त्यांना धाप लागली होती.

"आई, परत फिरूया का? तुम्हाला सोसत नाहीये."

"तू गाडी चालव. माझा श्वास माझा मी बघते."

तिचा नवरा खिंडीपलीकडे रस्त्याच्या कामावर होता. आधी त्याचं घरी येणं थांबलं, मग फोन. त्याने तिकडे दुसरा संसार मांडलाय, अशी कुजबुज कानावर आली तेव्हा सगळ्यांनी तिला गप्प बसायला सांगितलं. तिने गाडी काढली. निघताना पाहते तो सासूबाई आधीच आत बसलेल्या. पोटच्या पोराची बाजू सावरायला येताहेत, दुसरं काय, असं तिने मनाशी धरलं. त्यामुळे वाटभर दोघींत कामापुरतंच बोलणं झालं.

उतार संपला आणि रखरखीत खोरं सुरू झालं. झाड म्हणून नाही. नुसती वाळू आणि कोरड्या नदीचं पात्र. इंजिन तापलं, गाडी थांबवावी लागली. ते निवल्यावर सासूबाईंनी पिण्याच्या पाण्याची बाटली पुढे केली.

"आधी त्याला पाज. मी काय, तापलेलीच बरी."

सुनेला हसू आलं. तिने ते पदराआड लपवलं नाही.

ऊन कलताना पत्र्याच्या खोल्या दिसल्या. गाडीचा आवाज ऐकून तो बाहेर आला. त्याच्यामागे दारात एक बाई उभी राहिली, हातात ओले कपडे. सुनेची बोटं स्टिअरिंगवर आवळली.

बायकोकडे न बघता त्याने आईच्या बाजूचं दार उघडलं.

"आई, तू कशाला एवढी दगदग केलीस? चल, आत चल."

त्याने हात पुढे केला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मी हिच्याबरोबर आलेय," त्या म्हणाल्या. "हिला काय विचारायचंय ते ऐक आणि खरं सांग. उजेड आहे तोवर आम्हा दोघींना मुक्कामाचं गाव गाठायचंय."

सुनेने इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.