कड्यावरून उडी न मारलेली बाई

पाहुण्याचं गलबत बंदराला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिमारेता चीजची टोपली डोक्यावर घेऊन नाव्सोनच्या वाड्याचा चढ चढली. नाव्सोन बेटाचा प्रमुख. त्याच्याकडे मेजवानी असली की चीज तिमारेताचंच लागे. बासष्ट वर्षांची झाली होती, पण चढावर कुठे टेकायची नाही.

मुदपाकखान्यात नाव्सोनची मुलगी मिर्तो सातूचं पीठ चाळत बसली होती. चाळण हलत होती, पण लक्ष तिकडे नव्हतं.

"काय गं, पीठ जमिनीला भरवतेस का?" तिमारेताने विचारलं.

"मावशी, माझं लग्न ठरलं."

"कुणाशी?"

"पाहुण्याशी. तो लांडगा मारणारा दामासिअस."

तिमारेताने टोपली खाली ठेवली. हे नाव गेल्या चव्वेचाळीस वर्षांत तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना सांगितलं नाही. ती समुद्रावरून आली, एवढंच बेटाला ठाऊक होतं.

"वय काय त्याचं?" माहीत असूनही तिने विचारलं.

"बाबा म्हणतात, वीरांचं वय मोजायचं नसतं."

"वीरांचं नसेल. तुझं किती?"

"सोळा."

"आणि आई काय म्हणते तुझी?"

"आई काय म्हणणार? तिला विचारलंय कुणी!" मिर्तोने चाळण आपटली. "माझ्या आधी त्याच्या तीन झाल्या म्हणे. एक मेली, एकीला माहेरी धाडलं, आणि तिसरीचं काय झालं ते कुणीच सांगत नाही."

"चार," तिमारेता पुटपुटली. मिर्तोला ते ऐकू गेलं नाही.

दुपार कलली तशी अंगणात मेजवानी रंगली. पुरुष बाकांवर, बायका खांबांच्या मागे उभ्या. नाव्सोनच्या शेजारी दामासिअस बसला होता. केस पांढरे, खांदे अजून रुंद. हसताना मान मागे टाकायची सवय तीच. तिमारेताला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. हा माणूस चांगला जाड झालाय, एवढंच मनात आलं.

फानिआस नावाच्या गवयाने तारा जुळवल्या आणि पाहुण्याचा पराक्रम गायला घेतला. गळा गोड होता. घोड्याएवढा लांडगा झऱ्यावर ठाण मांडून बसलाय, गाव तहानेने तडफडतंय. दामासिअस येतो, समोरासमोर भिडतो आणि नुसत्या हातांनी त्याचा जबडा फाडतो. पुजाऱ्याची मुलगी दुरून बघते, भाळते, त्याच्या गलबतावर चढते. वाटेत ते याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम करतात. तिथे देव स्वप्नात येऊन बजावतो की हिला इथेच ठेव. वीर रडत रडत शीड उभारतो. मुलीला जाग येते. दूर जाणारं शीड तिला दिसतं, आणि ती कड्यावरून समुद्रात उडी घेते.

बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. दामासिअसही डोळे पुसत होता. नाटक नव्हतं ते. त्याचे डोळे खरोखर ओले होते. तिमारेताला राग आला तो तेव्हा. इतक्या वर्षांत गाणं ऐकून ऐकून त्याला स्वतःलाच ते पटलं होतं.

ती खांबामागून पुढे आली.

"नाही मारली तिने उडी."

फानिआसची बोटं तारांवरच थांबली. नाव्सोनने मान वळवली. "बाई, चीज पोचलं ना? मग आत जा."

"जाते. आधी या गवयाला एक विचारते. पश्चिम किनाऱ्यावर कडा कुठे आहे रे बाबा?"

कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारा कोळी बाकावरून ओरडला, "खरं बोलते ही! तिथे नुसती वाळू. उडी मारलीच तर घोटाही मुरगळायचा नाही!"

हशा पिकला. दामासिअस मात्र हसला नाही. तो तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"कोण गं तू म्हातारे?"

"पाणी आणायला गेले होते ती. दोन घडे भरून आणले, तर गलबत नाही. तुझ्या वाटणीचंही पाणी मीच प्यायले."



नाव्सोन उठला. "पुरे! माझ्या घरी माझ्या पाहुण्याचा अपमान? या माणसाने लांडगा मारलाय, उभ्या जगाला ठाऊक आहे."

"लांडगा मारला जात्याने," तिमारेता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा तशी ती बोलत होती. "झऱ्याच्या वाटेवर खड्डा खणला तो मी. तीन रात्री खणत होते, कारण माझ्या बापाने तो लांडगा देवाचा ठरवला होता, गावात कुणी हात लावायला तयार नव्हतं. या पाहुण्याने त्याला खड्ड्याकडे आणायचं, असं ठरलं होतं. आणलंही याने. पण पुढे हा आणि मागे लांडगा. खड्ड्यात पडता पडता त्याने याची पाठ फाडली. हा पळाला, मी काठावर आणून ठेवलेला जात्याचा वरचा दगड लांडग्यावर ढकलून दिला. मग त्याच झऱ्यावर बसून याची पाठ शिवली. लांडगा समोरून आला म्हणता ना? मग जखम मागे कशी?"

"कुणी पाहिलीय पाठ?" नाव्सोन गरजला. "उगाच तोंडाला येईल ते—"

"मी पाहिलीय."

बोलली ती आर्खिप्पे, नाव्सोनची बायको. पाहुण्याला न्हाऊ घालायचं काम घरच्या बाईचं, त्यामुळे काल संध्याकाळी तिनेच त्याच्या पाठीला तेल चोळलं होतं. वीस वर्षांच्या संसारात भर अंगणात ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने हात कमरेवर घट्ट रोवले.

"किती टाके, तिमारेता?"

"नऊ. उजव्या खांद्यापासून खाली. सातवा तिरका, कारण तेव्हा हा किंचाळून हलला."

"नऊच आहेत," आर्खिप्पे नवऱ्याला म्हणाली. "आणि सातवा तिरका आहे. काल मला प्रश्न पडला होता, आज उत्तर मिळालं. आता माझं ऐका. जिने जीव वाचवला तिला हा वाळूत टाकून गेला. माझी मिर्तो तर त्याच्या काही उपयोगाचीही नाही. तिला हा कुठे टाकेल?"

नाव्सोनने तोंड उघडलं, पण बाकांवरची माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. सगळे दामासिअसकडे बघत होते. पाठ दाखव म्हणायची वेळच आली नाही.

 पेला बाजूला सारून तो म्हणाला, "तिमारेता. तू जगलीस तर."

"जगले. लग्न केलं, तीन मुली झाल्या, साठ शेळ्या आहेत. देव खरंच आला होता का रे स्वप्नात?"

"नाही."

"मग?"

"घरी जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न होता." त्याने मान खाली घातली. "माझा बाप विचारणार, लांडगा कसा मारलास? तू शेजारी उभी असतीस तर मला खोटं बोलता आलं नसतं. तू पाण्याला गेलीस आणि मी दोर कापला. लोकांनी विचारलं, मुलगी कुठेय? मग देव सुचला. कडा मात्र माझा नाही. कडा गवयांनी घातला."

फानिआस आपल्या पायांकडे बघत बसला.

"अजून राग आहे माझ्यावर?" दामासिअसने विचारलं.

"सहा-सात वर्षं होता. त्या रागात दूध उतू घालवायचे रोज. मग सासू म्हणाली, राग कर, पण चुलीपासून लांब बसून कर. हळूहळू वेळच उरला नाही त्याला." तिने मिर्तोकडे हात केला. "माफी मागणार असशील तर माझी नको मागूस, मला माफीचं काही करायचं नाही. या पोरीला मोकळी कर. आणि तू स्वतः कर, इथे, सगळ्यांसमोर. तिच्या बापावर ढकलू नकोस."

दामासिअस उठला. गुडघ्यांवर हात टेकून उठावं लागलं त्याला. "नाव्सोन," तो म्हणाला, "मी दिलेला शब्द मागे घेतो. चूक तुझ्या घराची नाही, माझी आहे. दिलेल्या भेटी ठेवून घे." आणि मग मिर्तोला म्हणाला, "मुली, मोकळी आहेस तू."

मिर्तो रडली नाही की हसली नाही. आत जाऊन तिने सांडलेलं पीठ गोळा केलं, असं नंतर स्वयंपाकीण सांगायची.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि गलबत गेलं. तिमारेता बंदरावर फिरकली नाही. नाव्सोनने हिवाळाभर तिच्याकडून चीज घेतलं नाही. वसंतात आर्खिप्पे स्वतः टोपली घेऊन चढण उतरून आली. तिने वीस गोळे निवडले, अंगणात बसून ताक प्यायलं आणि मिर्तोला मागणी घालणाऱ्या तिघांची नावं सांगितली. यावेळी नवऱ्याने तिला विचारलं होतं. नीट नाही, धुसफुसत, पण विचारलं होतं.

फानिआस मात्र दुसऱ्याच वर्षी परत आला. तिमारेताकडून सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि नवं गाणं बांधलं. या बेटावर आता तेच गातात. बाहेरच्या बंदरांवर मात्र लोक कडाच मागतात, असं त्याने पुढच्या फेरीत तोंड पाडून सांगितलं. "जात्याला लोक हसतात, मावशी. त्याजागी भाला घालू का?"

"हसू देत," तिमारेता धार काढता काढता म्हणाली. "जातंच ठेव. आणि जरा सरक, शेळी बुजतेय."